चिठ्ठी काढलेला डबा

आमच्या इमारतीतले लोक म्हणायचे की लाँड्रीमावशींच्या हाती कुणी तान्हं मूल दिलं, तर त्या आधी त्याच्या दुपट्याला नंबराची चिठ्ठी टाचतील आणि मगच त्याला खेळवतील. समोरच्या न्हाव्याची मजल याच्याही पुढे गेली होती. मावशींचे यजमान वारले त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी खुर्चीत बसलेल्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तो सांगे, "त्यांना घालून पाठवलेल्या कोटाला आतून चिठ्ठी आहे बरं का. वर गेल्यावर अदलाबदल व्हायला नको." गिऱ्हाईक हसू लागे, आणि गालावर वस्तरा असल्यामुळे न्हावी त्याचं डोकं घट्ट धरून ठेवी.

हे बोलणं मावशींच्या कानावर जात असे. त्यांना त्याचा राग नव्हता. माझ्यापेक्षा त्या वयाने फार मोठ्या नव्हत्या, पण साऱ्या रस्त्याच्याच मावशी असल्यामुळे माझाही इलाज नव्हता. दुकान तळमजल्यावर, त्याच्या वर आमचं घर आणि आमच्या वर मावशींचं. त्यामुळे दिवसभर त्या आमच्या पायाखाली असत आणि दुकान बंद झालं की डोक्यावर येत. मधल्या लाकडी जमिनी इतक्या पातळ होत्या की खाली वाफेच्या इस्त्रीने टाकलेला सुस्कारा आणि वरच्या मजल्यावर कुणी टेकवलेली कपबशी, दोन्ही आम्हाला सारख्याच स्पष्ट ऐकू येत.

दुकानात शिरलं की समोर लाकडी काउंटर आणि त्याच्या मागे, पार अंधारापर्यंत गेलेल्या दोन दांड्या. वरच्या दांडीवर कोट आणि लांब झगे, खालच्या दांडीवर सदरे आणि विजारी. प्रत्येक कपड्याच्या कॉलरला किंवा कमरपट्टीला पिवळ्या कापडाची नंबर घातलेली चिठ्ठी, सेफ्टी पिनेने टाचलेली. इतक्या वर्षांत मावशींच्या दुकानातून एकही कपडा चुकीच्या माणसाकडे गेला नव्हता. त्यांचा नियम साधा होता. चिठ्ठी आहे तोवर कपडा दुकानाचा. चिठ्ठी निघाली की गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं की त्यांचा डावा हात कॉलरकडे जाई, पीन उघडली जाई, ती ओठांत धरली जाई, चिठ्ठी मुठीत येई आणि कपडा काउंटरवरून पलीकडे सरके. यात त्यांचं लक्ष असेच असं नाही. त्या गिऱ्हाइकाच्या सुनेची चौकशी करत असत, आणि बोटं आपलं काम उरकून मोकळी होत.

या दुकानात त्यांच्याशिवाय आणखी एक जीव होता. ठमी नावाची राखाडी मांजर. ताज्या इस्त्रीच्या चादरींच्या गठ्ठ्यावर ती पसरलेली असे, आणि मावशी खालची चादर अशी काढून घेत की वरच्या मांजरीला पत्ता लागू नये. ठमी जड होती, पण तिच्या चालण्याला आवाज म्हणून नव्हता. पावती शोधायला वाकलेला माणूस सरळ होई तेव्हा ती काउंटरवर त्याच्या नाकासमोर बसलेली असे. माझी बायको एकदा अशीच दचकली आणि म्हणाली, "मावशी, हिच्या गळ्यात घंटा तरी बांधा."

"घंटा बांधली होती, वहिनी," मावशी म्हणाल्या. "घंटा सुद्धा वाजवत नाही ही. कशी चालते कोण जाणे."

एका थंडीत ठमीने खाणं सोडलं आणि काही दिवसांतच ती गेली. शहराच्या टोकाला पाळीव जनावरांचं दहन करणारी एक जागा आहे, तिथे मावशी तिला घेऊन गेल्या. येताना त्यांच्या हातात फिरकीच्या झाकणाचा राखाडी पत्र्याचा डबा होता. साखरेच्या डब्याएवढा. त्यांनी तो वर घरी नेला आणि स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला.

इमारतीत कुजबुज झाली. माझ्या बायकोला ते मुळीच रुचलं नाही. मी स्वतः ज्या खेड्यात वाढलो तिथे मेलेलं जनावर शेताच्या बांधाला पुरत आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा विषय काढत नसत. पण शहरात राहून मी एवढं शिकलो होतो की शेजाऱ्याच्या फळीवर काय असावं हे आपण ठरवू नये.

पहिल्यांदा आवाज ऐकला तो माझ्या बायकोने. दुपारची वेळ होती. आमच्या डोक्यावरून कुणीतरी चालत होतं. टक टक टक टक, लाकडावर नखं आपटावीत तसं. स्वयंपाकघराच्या बाजूने निघून ते दाराच्या बाजूला गेलं, थांबलं, पुष्कळ वेळ थांबलं, आणि मग आलं तसं परत गेलं. थोड्या वेळाने पुन्हा निघालं.

"मावशींनी कुत्रा आणलाय," ती म्हणाली. "आणि सांगितलं सुद्धा नाही बघा."

मीही ऐकलं. नखांच्या त्या आवाजात एक नेमकेपणा होता. उगाच भटकणारं ते जनावर नव्हतं. दारापर्यंत जायचं, उभं राहायचं आणि कुणी दार उघडत नाही असं पाहून परत फिरायचं, असं त्याचं चाललं होतं. त्याच वेळी आमच्या पायाखालून वाफेच्या इस्त्रीचा सुस्कारा ऐकू येत होता. म्हणजे मावशी दुकानात होत्या आणि वर कुलूप होतं.

बायको खिडकीतून वाकून ओरडली, "मावशी! पाहुण्याला एकटं कोंडून ठेवलंत होय? येरझाऱ्या घालतोय बिचारा!"

इस्त्रीचा आवाज बंद झाला. मग मावशी रस्त्यावर आल्या आणि त्यांनी वर पाहिलं. आमच्याकडे नव्हे, त्यांच्या स्वतःच्या बंद खिडकीकडे.

"तुम्हालाही येतो ऐकू?" त्या म्हणाल्या.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. बायकोने यायचं साफ नाकारलं. "तुम्ही जा. मला पुढे याच घरात झोपायचंय," ती म्हणाली. मावशींच्या घरी यापूर्वी मी दोनदाच गेलो असेन. एक खोली, तिच्यात पलंग, इस्त्रीचं टेबल आणि एक वेताची खुर्ची, मागे स्वयंपाकघर. सगळं इतकं नीट घडी घातलेलं की बसायला संकोच वाटावा. फळीवर चहा, साखर आणि तो तिसरा डबा. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "बोलू नका, भाऊ. नुसतं ऐका."

खिडकीतून ऊन आत पडलं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पहिलं नख वाजलं तेव्हा मी तिकडेच पाहत होतो, आणि तिथे काही नव्हतं. आवाज उंबरा उतरला. माझ्या बुटांजवळून गेला. इस्त्रीच्या टेबलाला त्याने वळसा घातला, दारापाशी गेला. दाराच्या खालच्या फटीशी हुंगल्यासारखा श्वास ऐकू आला, लांब, ओलसर, दोन-तीन वेळा. फटीतल्या धुळीची बारीकशी रेघ उन्हात हलली आणि पुन्हा बसली. मावशींच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. चुकीचा सदरा दांडीवर दिसावा तसा काहीसा भाव होता.

नखं परत फिरली, स्वयंपाकघरात गेली आणि थांबली.

"ही ठमी नव्हे," मावशी म्हणाल्या. "ठमीला पाऊल वाजवता येत नव्हतं, भाऊ. मेल्यावर कुठून शिकेल?"

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. दहनाच्या जागी एक स्वच्छ खोली होती आणि तिथेही एक लाकडी काउंटर होता. तिथल्या माणसाने दोन डबे आणून ठेवले. दोन्ही सारखे, प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. एक मावशींचा, दुसरा खिडकीशी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांचा. त्यांचं मोठ्या पुलाजवळ चष्म्याचं दुकान होतं आणि त्यांचा कुत्रा गेला होता, एवढं बोलणं त्यांच्यात झालं होतं. तेवढ्यात आतून हाक आली म्हणून तो माणूस आत गेला. मावशी काउंटरपाशी उभ्या राहिल्या. मनात ठमीच होती. समोर दोन गठ्ठे तयार, गिऱ्हाईक उभं. बोटांना एवढं पुरे झालं. माणूस परत आला तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या मावशींच्या मुठीत होत्या आणि डबे मोकळे होते.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? लाँड्रीवाली आहे, चिठ्ठ्या चुकवल्या, म्हणून?" त्या म्हणाल्या. "डावीकडचा माझा असं वाटलं. त्याने विचारलं, हा तुमचा ना? मी हो म्हटलं. कॉलर बघून कुणाचा सदरा ते सांगते मी, भाऊ. पण त्या डब्यांना कॉलर नव्हती."

त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. ठमी परत. ती कुठल्यातरी परक्या घरात, परक्या फळीवर बसली आहे ही कल्पना त्यांना जेवू देत नव्हती. पण त्या गृहस्थांच्या दारात उभं राहून आपली चूक कबूल करायची तर पाय उचलत नव्हता. इतक्या वर्षांचं नाव एका मुठीत गेलं होतं. "तुम्ही बरोबर चला," त्या म्हणाल्या. "चार लोकांत बोलायची सवय आहे तुम्हाला. मी अडखळले तर तुम्ही पुढचं सांगा."

पुढच्या सुट्टीला आम्ही गेलो. डबा मावशींनी कापडी पिशवीत घेतला होता. पूल ओलांडेपर्यंत काही झालं नाही. पुलापलीकडच्या रस्त्याला लागलो तशी पिशवी त्यांच्या हातात पुढे पुढे ओढली जाऊ लागली. मी आधी वाऱ्याचा जोर समजलो. पण झाडाचं पान हलत नव्हतं. मावशींचं चालणं झपाझप झालं, ओढाळ जनावराच्या मागे माणसाचं होतं तसं, आणि चष्म्याच्या दुकानाच्या बाजूच्या जिन्यावर तर त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. वरच्या दारापाशी पिशवी गपकन खाली आली आणि स्वस्थ लोंबू लागली.

दार उघडलं ते त्यांच्या सूनबाईंनी. नाकाला रुमाल, डोळे सुजून लाल.

"या, बसा. माफ करा हं, सर्दी नाहीये ही," त्या म्हणाल्या आणि शिंकल्या. "कित्येक दिवस चाललंय. डॉक्टर सारखे विचारतात, घरात मांजर आहे का. मी म्हटलं, मांजर असतं तर मी या घरात नांदले असते का? लहानपणापासून मला मांजर सोसत नाही. आमच्याकडे कुत्रा होता, तोही गेला."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

चष्मेवाले खिडकीशी खुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर शाल. त्यांनी मावशींना ओळखलं, मान लववली, पण ते उठले नाहीत. "उठत नाही, राग मानू नका," ते म्हणाले. "आत्ताच येऊन बसलाय."

त्यांचा उजवा हात हलत होता. मला वाटलं ते शालीवरून हात फिरवताहेत. नीट पाहिलं तेव्हा कळलं की तळहात शालीला लागतच नव्हता. वीतभर वरून तो जात होता, मध्ये थोडा उचलला जाई, शेवटी खाली वळे. आणि मग पुढे येऊन दोन बोटं हवेत एकाच जागी खाजवत राहत. हात आणि शाल यांच्यामधली जागा रिकामी होती. शाल मात्र मधोमध खोल दबलेली होती.

"शिपाई म्हणायचो आम्ही त्याला," ते सांगू लागले. "जिवंतपणी एक क्षण बसला नाही. बेल वाजायच्या आधी दारात. मी दुकानातून वर यायचो तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर माझं पाऊल पडलं की याची नखं वाजलीच. मांडीवर तर जन्मात नाही आला. आणि आता बघा. शहाणा झालाय. दुपार कलली की येतो, अंगाचं मुटकुळं करतो आणि पडून राहतो. आत कुठेतरी मशीन चालू असल्यासारखी बारीक घरघर येते. माझे गुडघे इतकी वर्षं दुखत होते, ते थांबलेत."

"बाबा, कुत्र्याच्या पोटात मशीन कुठली आली?" सूनबाई रुमालातून म्हणाल्या.

"तू जवळ ये म्हणजे ऐकू येईल."

"नको. जवळ आले की जास्त शिंका येतात."

हे हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. मावशी त्या दोन बोटांकडे पाहत होत्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. अडखळल्या नाहीत; माझी गरज पडली नाही. दोन डबे, दोन चिठ्ठ्या, आपली मूठ. शेवटी त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि खुर्चीपासून थोड्या अंतरावर जमिनीवर ठेवला. "हा तुमचा शिपाई आहे," त्या म्हणाल्या. "माझी ठमी मला द्या."

चष्मेवाल्यांचा हात थांबला. त्यांचा आवाज सभ्य होता आणि गार होता.

"बाई, उभ्या आयुष्यात मी लोकांच्या डोळ्यांत बघून नंबर सांगितला. माझा कुत्रा मला ओळखता येत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"एकदा हात तरी लावून बघा त्याला."

"ते ज्याचं असेल त्याला द्या. माझ्या घरात ठेवू नका. असलं परकं काही घरात आलेलं मला चालत नाही."

तेव्हा तो आवाज झाला. मी तो वर, मावशींच्या घरी ऐकला होता. इथे तो निराळा होता, घाईचा, जवळजवळ घसरणारा. दारापासून खुर्चीपर्यंत नखं धावत आली, गुळगुळीत फरशीवर थोडी सरकली आणि त्यांच्या पायांशी येऊन थबकली. शालीचं टोक हललं. पुन्हा हललं. कुणीतरी ते नाकाने वर उचलू पाहत होतं.

चष्मेवाल्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"उंदीर झालेत का गं घरात?" त्यांनी सुनेला विचारलं.

"झाले असतील, बाबा. औषध टाकते," ती म्हणाली.

मग नखं वळली. दारापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला, कारण प्रत्येक पावलानंतर ती थांबत होती.

मावशींनी वाकून डबा उचलला, पदराने त्याचा तळ पुसला आणि पिशवीत घातला. जिना उतरताना पिशवीला ओढ नव्हती. उलट ती इतकी जड झाली होती की पुलावर त्यांनी दोनदा हात बदलला. मी घेतो म्हटलं तर देईनात.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "कानामागे कसं खाजवत होते? नेमकं तिथेच लागायचं तिला. मी हे कुणाला सांगितलेलं नाही."

"मग आता काय करायचं?"

"काय करायचं? बसली ना ती तिथे. माझ्या मांडीवर सुद्धा इतकी दबून बसायची नाही." त्यांनी नाक पुसलं. "मांजरच ते. ऊब बघितली आणि पसरली. हिच्यासाठी मी चादरी काढायची पद्धत बदलली होती!"

त्या दिवसानंतर आमच्या डोक्यावर काही वाजलं नाही. बायकोने दुपारी कान लावून पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "गेला वाटतं एकदाचा," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं असतं. पण एका संध्याकाळी दुकानात सदरा आणायला गेलो तर डबा खाली आलेला दिसला. काउंटरच्या मागे, वाफेच्या इस्त्रीच्या पायाशी, जिथे जमीन उबदार असते तिथे, एका जुन्या टॉवेलावर तो ठेवलेला होता.

"वर एकटा पडून राहायचा," मावशी म्हणाल्या. "उंबऱ्याच्या आत. दाराकडे सुद्धा जाईना. जिवंत जनावर असतं तर म्हटलं असतं, अन्न सोडलंय."

"आणि इथे?"

"इथे माणसांची ये-जा आहे. बघू."

लोकांना कळत नव्हतं, पण दुकान बदललं होतं. दार उघडून कुणी आत आलं की काउंटरच्या मागे लाकडावर दोन-चार टकटका होत आणि थांबत. एखाद्या गिऱ्हाइकाला हाताच्या पाठीवर ओला गारवा जाणवे आणि तो छताकडे पाहून म्हणे, "मावशी, वाफ गळते का कुठे?" न्हाव्याने येणंच सोडलं. त्याच्या पोटरीला शेपटी लागली असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्या दिवसापासून कोटाची गोष्ट त्याने पुन्हा सांगितली नाही. मावशी मात्र पूर्वीपेक्षा सावकाश काम करू लागल्या होत्या. पीन काढण्यापूर्वी नंबर मोठ्याने वाचत. वाचून झाल्यावर खाली पाहत, आणि खालून बहुधा त्यांना काहीतरी अनुमोदन मिळत असावं.

सूनबाई आल्या तेव्हा मी दुकानातच होतो. भर दुपार होती, रस्ता रिकामा होता. त्यांचे डोळे जवळजवळ मिटले होते. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर त्यांना मी दिसलो की नाही कोण जाणे. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला.

"बाबा झोपलेत," त्या म्हणाल्या. "उठायच्या आत मला जायचंय. तुम्ही म्हणत होतात ते खरं आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी हे आणखी नाही सोसू शकत, मावशी. श्वास लागतो मला. तुमचं तुम्ही ठेवा, आमचं मला द्या. दोन्ही डबे सारखेच आहेत. त्यांना काही कळणार नाही."

मावशींनी टॉवेलावरचा डबा उचलला आणि काउंटरवर ठेवला. मध्ये हातभर अंतर सोडून.

"तुमचा हात तुम्ही आणलेल्या डब्यावरच राहू द्या, पुन्हा अदलाबदल नको," त्या म्हणाल्या. "उचलू नका."

मग त्यांनी सूनबाईंचा हात हलकेच बाजूला केला, आलेला डबा स्वतःकडे घेतला आणि स्टुलावर बसून मांडीवर ठेवला. त्यांनी वरून तळहात फिरवला. शेवटी थोडा खाली वळवला. दोन बोटांनी कानामागे, म्हणजे हवेत, खाजवलं. आम्ही दोघं उभे होतो. इस्त्री टेबलावर वाफ सोडत होती. डब्याभोवतीचं मावशींच्या मांडीवरचं लुगडं सपाट होतं, एक चुणी पडली नाही. त्या तशाच बसून राहिल्या, आणि त्यांचा चेहरा बघवेना म्हणून मी दांडीकडे पाहू लागलो.

"नाही आली," त्या शेवटी म्हणाल्या. "ती तिथेच राहिली आहे. त्या शालीत."

"म्हणजे?" सूनबाई म्हणाल्या. "असू दे कुठेही. डबा तर तुमचा ना? मी हा घेते." आणि त्यांनी काउंटरवरचा दुसरा डबा उचलला.

काउंटरच्या मागे नखं वाजली. एकदाच, मागे सरकल्यासारखी.

खालच्या दांडीवर अगदी पुढे टांगलेली विजार हलली. मग तिच्या मागचा सदरा. मग त्याच्या मागचा. दाराशी वारा नव्हता, आणि वरच्या दांडीवरचे कोट निश्चल होते. खालचे कपडे मात्र एकामागून एक, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर, बाजूला होत होते आणि पुन्हा मिटत होते. कुणीतरी त्यांच्याखालून आत चाललं होतं. ती हालचाल दुकानाच्या पोटात, उजेड पोचत नाही तिथपर्यंत गेली. पिवळ्या चिठ्ठ्या थोडा वेळ थरथरल्या. मग अंधारात जड काहीतरी जमिनीवर बसलं, आणि त्याने हनुवटी लाकडावर टेकल्याचा आवाज आला.

सूनबाईंनी रुमाल तोंडावर दाबून धरला होता. हातातला डबा त्यांनी हलवून पाहिला.

"हलका झालाय," त्या पुटपुटल्या. "मावशी, हा रिकामा लागतोय हाताला."

मावशी मांडीवरचा डबा काखेत धरून उठल्या. त्यांनी सूनबाईंच्या हातातून तो डबा घेतला, वाकून टॉवेलावर ठेवला; आणि काखेतला डबा, एका हाताने खालून आधार देऊन, काउंटरवरून पलीकडे सरकवला.

"अहो, पण तो आमचा आहे!" सूनबाईंचा आवाज चढला. "वर्षानुवर्षं आमच्या दारात बसला तो. चूक तुमच्या हाताने झाली, आणि वर आमचाच कुत्रा ठेवून घेताय? कुठल्या हक्काने?"

मावशींनी इस्त्रीची वाफ बंद केली. आतल्या अंधाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचा होता, तर पायाशी आला तेव्हा उंदीर कशाला म्हणालात? तो यायचा नाही आणि मी पाठवायची नाही. मांजर न्या, म्हातारा उठेल; आणि शिंका आल्या तर शिंका."